तीन पाळ्यांची कुत्री

आमच्या धंद्यात दारातून आत येणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय झालंय?" उत्तरंही ठरलेली असतात. जेवत नाही, लंगडतोय, सारखी खाजवते, चप्पल गिळली, दूधवाल्याला चावला. भिवंडीत अंजूरफाट्याजवळ मी कुत्र्यामांजरांचा दवाखाना आयुष्यभर चालवला आणि आयुष्यभर एका वेगळ्याच उत्तराची वाट पाहिली. कुणीतरी यावं, आपलं जनावर टेबलावर ठेवावं आणि म्हणावं, "काही झालं नाही. झालं नाही म्हणूनच आणलंय."

आता दवाखाना एका तरुण डॉक्टरणीच्या हाती सोपवलाय. मी अधूनमधून जाते, तिच्या कामात नाक खुपसते आणि चहा पिऊन परत येते. ते उत्तर मला मिळालं का, हे शेवटी सांगते. मधे थोडं पाल्हाळ होईल, ते गोड मानून घ्या. माझी सगळी हयात अशा मंडळींशी बोलण्यात गेली जी मधेच तोडत नाहीत, फार तर चावतात.

मी डॉक्टर झाले तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले. कसली डॉक्टर ते कळल्यावर मावशी आईला हळूच म्हणाली, "माणसांपुरते मार्क पडले नाहीत का गं?" पुढे पुष्कळ वर्षं मी 'ढोरांची डॉक्टरीण' होते आणि ते खरंही होतं. तेव्हा अंजूर, राहनाळ, दापोडे या पट्ट्यात भातशेती होती, दावणीला म्हशी होत्या. मग शेतांवर गोदामं उभी राहिली. गोठा गेला, त्या जागी फरशीचं अंगण आलं आणि अंगणात लॅब्राडोर आला. दापोड्याच्या एका शेठनं तर बर्फातला कुत्रा आणला. त्याला दिवसभर एसीच्या खोलीत ठेवायचे आणि संध्याकाळी घरातली सगळी पोरं तिथंच अभ्यासाला बसायची. त्या कुत्र्यामुळे पोरं पास झाली, असं शेठ अजून सांगतात. कुत्र्याचं मत विचारायला हवं होतं.

तर आमच्या कामाचं खरं दुखणं असं की, जे काम आम्ही सगळ्यात चांगलं करतो ते कुणाला दिसतच नाही. मोडलेला पाय जोडला तर माणूस पाया पडतो. लस टोचली आणि आजार झालाच नाही, तर तोच माणूस म्हणतो, "बघा, उगाच टोचली!" बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण ज्यानं केली तो नक्की गुरांचा डॉक्टर असणार. आधी गोठ्याला झोपा लाव, मग बैल बांध, हे तो आयुष्यभर सांगून थकला असेल.

आमच्याकडे एक खाला यायच्या. घरात लूम, म्हणजे यंत्रमाग, त्यामुळे सगळीकडे सुताचं तूस. त्यांची पांढरी मांजर ते तूस चाटून चाटून पोटात घ्यायची आणि मग गोळे ओकायची. खाला तिला जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणायच्या, वर फक्त डोकं बाहेर. ओकली की आणायच्या, बरी झाली की गायब. मी म्हटलं, "खाला, बरी असताना आणत जा. जंताचं औषध, लस, सगळं बरी असतानाच द्यायचं असतं." खाला हसल्या. "बेटी, जब कुछ हुआ ही नहीं तो सुई काहे की? ये तो सोते को जगा के लोरी सुनाना हुआ."

मी तारखा लिहून दिल्या, त्या हरवल्या. फोन केले, "हां हां" ऐकलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग एकदा लक्षात आलं की या गावात तारीख कुणीच लक्षात ठेवत नाही, सण मात्र कुणी विसरत नाही. त्या दिवसापासून मी इंजेक्शनं सणांवर टांगायला सुरुवात केली. खालांना सांगितलं, ईदच्या आधी मांजर आणायची, घर साफ करता तेव्हा तिचं पोटही साफ. खाडीकाठच्या लोकांना सांगितलं, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ आणि कुत्र्याला जंताची गोळी. आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी सगळी कुत्री टोचून घ्यायची, मिरवणुकीच्या गर्दीत कुणी चावला तर निदान रेबीजची धास्ती नको. आणि ज्यांना गाय नाही त्यांच्यासाठी वसुबारस. दिवाळीचा पहिला दिवस, गाय-वासराच्या पूजेचा. गाय गोदामाखाली गेली, आता जे जनावर दारात आहे त्याची पूजा करा, आणि आमच्याकडे पूजा सुईनं होते, असं मी सांगायची. लोक हसायचे, पण यायचे. ईद दरवर्षी थोडी अलीकडे सरकते, त्यामुळे भिवंडीतल्या मांजरींना औषध जरा लवकरच मिळत गेलं. कुणाची तक्रार आली नाही.

पिल्लाचं थोडं सांगते, कारण तिथंच जास्त चुका होतात. पिल्लाला आईच्या दुधातून संरक्षण मिळतं. ते हळूहळू ओसरतं, पण नेमकं कधी संपतं ते बाहेरून कळत नाही. म्हणून लस एकदा देऊन भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. एकदा टोचली, झालं, असं म्हणून घरी गेलेली आणि मग रक्ताची हगवण लागून परत आलेली पिल्लं मी फार पाहिली. त्यातली सगळी वाचली नाहीत. त्या घरातल्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात आणि तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

आणि वजन. आपल्याकडे जाड कुत्रा म्हणजे खात्यापित्या घरचा. मी लोकांना एक युक्ती शिकवायची. मूठ वळा आणि वरच्या हाडांवरून बोट फिरवा, कुत्र्याच्या फासळ्या अशा लागल्या तर तो उपाशी आहे. हात उघडून तळव्यावरून बोट फिरवा, फासळ्या अशा लपल्या असतील तर तो लठ्ठ आहे. आता हात सरळ ठेवून मागच्या बाजूनं बोट फिरवा, हाडं कळतात पण टोचत नाहीत. कुत्रा असा हवा. ही परीक्षा घेताना पुष्कळ गृहस्थ गुपचूप स्वतःच्या फासळ्या चाचपायचे.

हे सगळं सांगायचं कारण, राहनाळच्या गोदामातली ती काळी कुत्री.

पहिल्यांदा तिला घेऊन आले ते तुकादादा. अंजूरचे. त्यांच्याच शेतावर ते गोदाम उभं होतं, भाडं घरी येत होतं, गळ्यात सोन्याची साखळी होती. पण दादांना घरी करमेना. म्हणून ते त्याच गोदामाच्या गेटवर सकाळच्या पाळीचे वॉचमन झाले. "माज्या शेतावर मीच राखन करतो. पयले चिमन्या हाकलायचो, आता ट्रक मोजतो," म्हणायचे. कुत्रीला ते चंपी म्हणत. गोदामात एक पाटी होती, आवारात कुत्र्यांना खायला घालू नये. त्यामुळे दादा दबक्या आवाजात बोलत. "डॉक्टरीनबाय, कोनाला सांगू नका. कंपनीला कलला तं मना काढतील." लस टोचून घेतली. फासळ्या तळव्यासारख्या. मी म्हटलं, जेवण अर्धं करा. दादा म्हणाले, "आजपासून अर्दा. आयशीची शपथ."

रामकिशोरजी आले ते एकटेच. आधी लूमवर होते, कानाला दडे बसले म्हणून गोदामाच्या गेटवर लागले, दुपारच्या पाळीला. बोलायचे मोठ्यानं, पण त्या दिवशी त्यांनीही आवाज खाली आणला. "डागदर साहिबा, गेट पे एक काली कुत्ती है. रानी. मोटी होती जा रही है, खाली दूध-रोटी देते हैं. किसी से कहिएगा मत." मी म्हटलं, खाना आधा करो. ते म्हणाले, आधा.

गौतम जाधव रात्रपाळीचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, दिवसा वायरिंगची कामं करणारा. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. अंधारात काढलेला काळ्या कुत्रीचा फोटो, म्हणजे नुसते दोन डोळे. नाव विचारलं तर संकोचून म्हणाला, "मॅडम." मला वाटलं मलाच हाक मारतोय. "नाही, तिचं नावच मॅडम आहे. मी फेरी मारतो तेव्हा मागून तपासत येते ना, म्हणून. तिला मी फक्त अंडं देतो, मॅडम. आणि बिस्किटं. ते काय जेवण नाही. तरी जाडच होतेय." मी म्हटलं, तेही अर्धं कर.

पाऊस सरला की गोचिडं माततात. त्या वर्षी गोदामांच्या मागच्या गवतात तर पीकच आलं होतं. गोचीड म्हणजे नुसती खाज नव्हे, ते रक्त पितं आणि रक्तात ताप सोडून जातं. आज धावणारा कुत्रा आठवड्यात झोपतो. म्हणून औषध वेळेवर लागायलाच हवं. त्याच दिवसांत तुकादादा आले, चंपीसाठी औषध घेऊन गेले. रामकिशोरजी आले, रानीसाठी घेऊन गेले. गौतम आला, मॅडमसाठी घेऊन गेला. कुत्रीला आणा म्हटलं तर ड्युटी सोडून कशी आणू, हे उत्तर. मी तिघांनाही नीट समजावलं : बादलीभर पाण्यात झाकणानं मोजून औषध टाकायचं, अंगावर ओतायचं, पुसायचं नाही, चाटू द्यायचं नाही, आणि पुन्हा पंधरा दिवसांनीच. तिघांनी माना डोलावल्या.

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. माझ्या लेखी राहनाळला तीन लठ्ठ काळ्या कुत्र्या होत्या.

एका सकाळी मी दवाखान्याचं शटर वर करतेय तोच रिक्षा येऊन थांबली. आतून तीन माणसं एकमेकांवर ओरडत उतरली आणि त्यांच्या हातांवर पॅकिंगच्या प्लास्टिकात गुंडाळलेली एक काळी कुत्री. पावलागणिक त्या प्लास्टिकचे बुडबुडे फटफट फुटत होते. एरवी मी हसले असते. पण कुत्रीची मान लोंबत होती.

"सरप चावलाय माज्या चंपीला!" तुकादादा.

"साँप नहीं, चूहे की दवा खाई है रानी!" रामकिशोरजी. त्यांची पाळी दुपारची, पण गेटवरचा गलका ऐकून तेही रिक्षात चढले होते.

 गौतमनं तिला टेबलावर ठेवलं आणि तिचं डोकं हातावर धरून उभा राहिला.

मी हात लावला. अंग गार. हिरड्या फिक्या. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन ठोक्यांच्या मधे इतका वेळ जात होता की दर वेळी वाटावं, आता पुढचा येणार नाही. साप नव्हता, सूज नव्हती. उंदराचं विष असं झोपवत नाही. मग मी खाली वाकले आणि तिच्या अंगाचा वास आला. माझ्याच बाटलीतला वास.

"गोचिडाचं औषध किती वेळा घातलं?"

"एकदाच," तुकादादा म्हणाले. "काल सकाली. तुमी सांगतला तसाच."

"एक ही बार," रामकिशोरजी म्हणाले. "कल शाम को. ढक्कन से नाप के."

गौतमनं मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. "मी पण एकदाच, मॅडम. आज पहाटे. घरी जायच्या आधी."

तिघंही खरं बोलत होते.  मग तिघांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. गेली कित्येक वर्षं ही माणसं रोज गेटवर भेटत होती. पाळी बदलताना किल्ल्या द्यायच्या, गाड्यांची सीलं दाखवायची, रजिस्टर पुढे सरकवायचं, चला. कुत्रीचं नाव कुणी काढायचं नाही, कारण पाटी. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे तिला उपाशी ठेवतात, मारतात, आपल्याशिवाय या मुक्या जनावराला कोण आहे! आणि ती लबाड दर पाळीला नवीन माणसापुढे तोच केविलवाणा चेहरा करून बसायची.

तीन तिघाडा काम बिघाडा, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मी कोमट पाणी आणि साबण काढला. अंगावरचं आधी धुऊन काढायचं होतं, नाहीतर कातडीतून आत जातच राहिलं असतं. तिघांनी मिळून तिला धुतलं. मग ऊब हवी. समोरच्या चहावाल्याकडून गरम पाणी आणलं, ते सोड्याच्या बाटल्यांत भरून, फडक्यात गुंडाळून तिच्या कुशीला लावलं. शिरेतून सलाइन लावलं. या औषधावर उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं, ते माझ्याकडे नव्हतं. कल्याणच्या एका डॉक्टरमित्राकडे होतं. अख्ख्या देशाला पार्सलं पाठवणारं आमचं गाव, पण कल्याणहून एक इवलीशी बाटली आणायची तर मधे सकाळच्या कंटेनरांची रांग उभी. तुकादादांनी पुतण्याला फोन लावला. "बाइक काढ. मना काय विचारू नको. कल्यानला जा." फोन ठेवला तेव्हा मला एकदम आठवलं.

"दादा, तुमची ड्युटी सुरू झाली ना? गेटवर कोण आहे?"

"कोनी न्हाय. कुलूप घातलाय. ट्रक थांबतील, डॉक्टरीनबाय. ही थांबायची न्हाय."

मी स्टेथोस्कोप कानातून काढलाच नाही. मला त्या कुत्रीची काळजी होती, आणि खरं सांगते, स्वतःचीही होती. जन्मभर लोकांना सांगत आले, आजार होण्याआधी औषध लावा. आता एक धडधाकट कुत्री औषधानंच गेली, तर या पट्ट्यात पुन्हा कुणी कुत्र्याला बोट लावू दिलं नसतं. खालांनी तर ऐकवलंच असतं, मैं ना कहती थी! आणि समोर ही तीन माणसं. एक पाय धरून, एक पाठीवरून हात फिरवत, एक डोकं हातावर घेऊन. ती गेली असती तर तिघांनाही आयुष्यभर वाटलं असतं, मीच मारली. तिघांनी प्रेम केलं म्हणून ती मरणार, हे मला सहन होईना.

वाट बघताना माणसं बोलायला लागतात.

"मेरे साथ तो शुद्ध शाकाहारी है," रामकिशोरजी पुटपुटले. "दूध-रोटी के सिवा कुछ छूती नहीं."

"शाकाहारी?" तुकादादांनी डोळे पुसता पुसता विचारलं. "रोज सकाली सुकट-भात हानते ती! बोंबील दिसला का नाचते."

"रात्री दोन अंडी," गौतम खालच्या आवाजात म्हणाला. "आणि माझ्या डब्यातली चपाती."

"आधा किए थे कि नहीं?" रामकिशोरजींनी विचारलं.

"अर्दा केला होता ना! सगल्यांनी अर्दा केला होता!"

आता मला हसू आवरेना. अर्धं अधिक अर्धं अधिक अर्धं. माझा पथ्याचा सल्ला तिघांनी इमानानं पाळला होता आणि कुत्री दीडपट जेवत होती. मी हसले, मग तुकादादा हसले, मग तिघंही, ओल्या डोळ्यांनी. त्या हसण्यात तिचा एक कान हलला.

पुतण्या आला, घामानं निथळत. इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं ठोक्यांमधली अंतरं कमी व्हायला लागली. मी बोटांवर मोजत, पुटपुटत ऐकत होते आणि ती तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मग कुत्रीनं डोळे उघडले. आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. आपले तीन संसार एका खोलीत जमलेले बघून तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं पुन्हा डोळे मिटून घेतले. पण शेपूट हललं.

"रानी!" "चंपे!" "मॅडम!"

शेपूट तिन्ही नावांना हललं.

दोन दिवस तिला माझ्याकडे ठेवली. घरी, म्हणजे गेटवर, पाठवायच्या आधी मी तिघांना समोर बसवलं. आता यापुढे कसं? उपाय रामकिशोरजींनी काढला. म्हणाले, लूमवर पाळी बदलते तेव्हा कापडावर खूण करतात. माझं इथं संपलं, तुझं इथून सुरू. जिथं खूण नाही तिथं भांडण. "कुत्ती पर भी निशान लगेगा." त्यांनी लूमच्या रद्दी सुतातला लाल धागा आणला. औषध दिलं, गोळी दिली, की देणाऱ्यानं तिच्या पट्ट्याला लाल धागा बांधायचा. धागा दिसला की बाकीच्यांनी हात लावायचा नाही. तो सोडायचा अधिकार फक्त माझा. जेवण सकाळी तुकादादांचं, संध्याकाळी रामकिशोरजींचं. गौतमकडे जेवण नाही. त्यानं रात्रीच्या फेऱ्यांना तिला सगळ्या आवारात चालवायचं. तो बिचारा हिरमुसला. मग ठरलं, रविवारी एक अंडं.

पाटीचं काय, हा प्रश्न उरला होता. गेट बंद का होतं, याची चौकशी व्हायचीच होती. तिघं एकत्र सुपरवायझरकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.  सुपरवायझर खाली मान घालून म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत मी तिला पाव देतो, तो बंद करू का?"

हे मला गौतमनं सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टेबलाला टेकले. लठ्ठपणाचं उरलेलं कोडंही सुटलं.

त्यानंतर दर वसुबारसेला ती तिघं तिला घेऊन येत. दादा टोपी घालून, रामकिशोरजी तेल लावून भांग पाडून, गौतम इस्त्रीच्या शर्टात. लस, दात, नखं, वजन. तुकादादा दर वर्षी तिच्या फासळ्यांवरून बोट फिरवत आणि हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवत, आणि म्हणत, "सेम." ती म्हातारी झाली, तोंड पांढरं झालं, ऐकू कमी यायला लागलं. रामकिशोरजी म्हणायचे, चला, आता आमची जोडी जमली. तिला कधी मोठा आजार झाला नाही. एका हिवाळ्यात, दुपारच्या उन्हात, गेटजवळ झोपली ती उठली नाही. पाळी बदलायची वेळ होती, त्यामुळे दोघं जवळ होते आणि तिसऱ्याला हाक मारून आणलं. गोदामाच्या मागे, तुकादादांच्या जुन्या बांधावर तिला पुरलं. मी गेले होते. मला खूप रडू आलं, आणि रडतानाच एक समाधानही होतं. अशी मरणं आमच्या धंद्यात फार थोडी बघायला मिळतात.

त्यानंतरच्या वसुबारसेला मी दवाखान्यात नुसतीच बसले होते. किल्ल्या पुढच्या आठवड्यात नव्या डॉक्टरणीला द्यायच्या होत्या. कपाट आवरत होते. ती तिघं या वर्षी येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं, तरी रिक्षा थांबली की मान वर होत होती. सवय.

दुपारी खरंच रिक्षा थांबली. टोपी, तेल लावलेला भांग, इस्त्रीचा शर्ट. गौतमच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्याच्या काठावरून बाहेर डोकावणारं एक तांबूस, भल्या मोठ्या कानांचं पिल्लू. सोबत लाल धाग्याचा गोंडा, अजून न बांधलेला, तयार ठेवलेला.

माझ्या तोंडून सवयीनं प्रश्न निघून गेला. "काय झालंय?"

तुकादादांनी पिल्लाला टेबलावर ठेवलं. पिल्लानं लगेच माझ्या स्टेथोस्कोपची नळी चावायला घेतली.

"काय बी न्हाय झाला, डॉक्टरीनबाय," दादा म्हणाले. "म्हनूनच आनलाय."

 मी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पिल्लाला नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. डोळे, कान, दात, पोट, फासळ्या. मग छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले, लागतो त्यापेक्षा जास्तच.

खरंच काही झालं नव्हतं.